मुंगीचा जबाब

१

मोहरबंद पाकीट उघडलं आणि आतून दोन कोरे कागद निघाले.

न्यायाधीश साहेबांनी ते उलटून पाहिले, सुलटून पाहिले, खिडकीच्या उजेडात धरले. मग माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच घातले होते. मी या न्यायालयाची दक्षता अधिकारी. फाईल हरवली, शिक्का कुणी घरी नेला, तारीख कुणी खोडली, की मला हाक मारतात. खालचा स्टाफ मला दक्षताबाई म्हणतो आणि मी दिसले की चहाचे कप खाली ठेवतो. निवृत्तीला सात महिने उरलेत. गुडघे माझ्या आधीच निवृत्त झालेत.

"यात एका दहा वर्षांच्या मुलीचा जबाब होता," साहेब म्हणाले. "काल घेतलेला. मला तो आज वाचायचा होता."

प्रकरण मला ऐकून माहीत होतं. आई इथली, बाप परदेशातला, संसार बापाच्या देशात. चार महिन्यांपूर्वी आई मुलीला घेऊन, नवऱ्याला न सांगता, इकडे निघून आली. अशा वेळी देशादेशांत झालेला करार काय म्हणतो, ते सरळ आहे. मूल जिथं राहत होतं तिथं आधी परत पाठवा, ताबा कुणाचा ते तिथलं न्यायालय बघेल. अपवाद मोजके. परत गेल्यानं मुलाला गंभीर धोका असेल, किंवा समजत्या वयाचं मूल स्वतःच नको म्हणत असेल, तर पाठवू नये. आणि मुलांच्या हक्कांचा जो मोठा करार आहे, तो सांगतो की मुलाच्या आयुष्याचा निर्णय करताना त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. हे सगळं चांगल्या कागदावर छापून, मुलांचे जबाब होतात त्या आमच्या बालकक्षाच्या भिंतीवर लावलंय.

"पुन्हा जबाब घ्यायचा," मी म्हणाले.

"पहिला कसा नाहीसा झाला ते कळल्याशिवाय? बापाचा वकील म्हणेल, दरम्यान आईनं पढवलं. आणि ज्यानं हा नेला तो दुसराही नेईल. सहा आठवड्यांत निकाल द्यायचा असतो, ते परवा संपतात. उद्या दुपारी शेवटची सुनावणी. तोवर काही हाती आलं नाही तर नुसत्या आईबापांच्या कागदांवर निकाल द्यावा लागेल. आईच्या आरोपांना पुरावा नाही; त्या कागदांवर मुलगी परवाच्या विमानात बसते."

मी ते कोरे कागद हातात घेतले. आमच्या भांडारातलाच नेहमीचा कागद, तीन घड्या घातलेला. वरच्या कडेला दोन दोन बारीक भोकं होती. कुठल्यातरी फायलीला लावून काढलेले असावेत, असं मनाशी म्हणून मी ते परत ठेवले. पाकिटावरची मोहरेची पट्टी मात्र जशीच्या तशी होती. त्या पट्टीला कुणी नखही लावलेलं नव्हतं.

२

अभिलेखपालांना सगळे नाना म्हणतात. त्यांची खोली तळमजल्यावर, कपाटांच्या दोन रांगांच्या मध्ये एक टेबल. काल दुपारपासून पाकीट त्यांच्या लोखंडी कपाटात होतं आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

"पहिल्यापासून सांगा, नाना."

"काय सांगायचं, बाई? चोवीस वर्षं हेच करतोय. मुलाचा जबाब हातानं लिहायचा, एकच प्रत. संगणकावर नाही, रेकॉर्डिंग नाही, म्हणजे आईबापांच्या हाती लागायला नको. लिहून झाला की मुलाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा. मग त्याच्यादेखत बंद करायचा. कागद पाकिटात घालायला मुलाच्याच हातात द्यायचे, म्हणजे त्याला वाटतं, बोलणं आपलं आहे. मग मी पट्टी चिकटवतो, तिच्यावर सह्या होतात, झालं."

"खोलीत कोण कोण होतं?"

"आम्ही तिघं. समुपदेशक बाई, दुभाषे आणि शेवटी मी."

"पाकीट तुमच्या कपाटातून कुणी काढलं?"

"माझ्या कपाटातून?" नानांचा आवाज चढला. "माझ्या कपाटातून माझी बायकोसुद्धा काही काढू शकत नाही!"

बायको कशाला इथं येईल, हे मी विचारलं नाही. प्रत्येक पट्टीवर छापील क्रमांक असतो आणि नाना तो वहीत लिहितात. मी वही ओढून घेतली. शुक्रवारच्या पाकिटाला पट्टी तीनशे दहा. मुलीच्या पाकिटाला तीनशे बारा.

"नाना, तीनशे अकरा कुठंय?"

नानांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. बराच वेळ पुसून झाल्यावर ते म्हणाले, "मला काही आठवत नाही, बाई."

चोवीस वर्षांत नानांना एक क्रमांक आठवला नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

३

वरच्या मजल्यावर बालकक्षाबाहेर एक लांब बाक आहे. त्याच्या एका टोकाला मुलीची आई बसली होती, दुसऱ्या टोकाला बाप. मधे सहा माणसं मावतील इतकी जागा. आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. हातातला रुमाल ती घट्ट पिळत होती.

"मुंगी कशी आहे?" मी विचारलं. फायलीत मुलीचं हेच घरगुती नाव लिहिलं होतं.

"माझ्या बहिणीकडे आहे. कालपासून बोलत नाही. नुसती चित्रं काढते." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाई, तिला नाही ना पाठवणार? ती गेली तर मला पुन्हा दिसायची नाही."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे गेले. बाप उठून अदबीनं उभा राहिला. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं तुटक पण मऊ. आईनं अर्जात रंगवलेला राक्षस मी मनात उभा केला होता. तो काही याच्याशी जुळेना, आणि मला त्याचा उगाच राग आला.

"मी काल इथंच होतो," तो म्हणाला. "त्या बाई बाहेर आल्या होत्या. फोनवर. कुठल्या तरी लहान मुलाला समजावत होत्या. दहा मिनिटं असतील."

समुपदेशक बाई म्हणजे तिशीतली, धडाडीची, दर शब्दाला मान हलवणारी पोरगी. मी तिच्या टेबलासमोर बसले आणि काही न बोलता थांबले. ही माझी जुनी युक्ती. लोक शांततेला फार घाबरतात.

"मी खोलीतून हलले नाही," तिनं न विचारताच सांगितलं.

"दहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये कोण होतं मग? तुझं भूत?"

तिचा चेहरा उतरला. "माझा मुलगा शाळेतून पळून घरी आला होता. कुलूप बघून रडत होता. फोन नसता घेतला तर… बाई, दुसऱ्याच्या लेकरांचे हक्क सांभाळता सांभाळता माझं लेकरू पायरीवर बसलेलं असतं."

मला तिची दया आली. तरी विचारायचं ते विचारलंच. "तू बाहेर असताना जबाब कोण लिहीत होतं?"

"दुभाषे. मी परत आले तेव्हा लिहून झालं होतं. त्यांनी तिला वाचून दाखवलं, दोनेक मिनिटांत. मग मी घड्या घातल्या आणि नानांना बोलावलं."

"आणि तीनशे अकरा?"

तिनं दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "नानांना सांगू नका मी सांगितलं म्हणून. त्यांना नीट दिसत नाही हल्ली. पट्टी वाकडी बसली, ओढायला गेले तर पाकीटच फाटलं. साहेबांना कळलं तर घरी बसवतील, म्हणून आम्ही तिघांनी ठरवलं, बोलायचं नाही. जबाब काढून घेतला, दुसरं पाकीट आणलं, दुसरी पट्टी. या वेळी तिघंही नानांच्या हाताकडे डोळे लावून बसलो होतो, पुन्हा फाटू नये म्हणून."

म्हणजे नाना चोर नव्हते, नुसते म्हातारे होत होते. आणि मुलीजवळ दहा मिनिटं दुभाषे एकटे होते.

४

दुभाषे पन्नाशीचे. चार भाषा येतात आणि चारही भाषांत कमी बोलतात. ते मला कँटीनच्या कोपऱ्यात सापडले, थंड चहापुढे. मी समोर बसले तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला.

"तुम्ही येणार हे माहीत होतं. विचारा."

"पोरीनं सांगितलं तेच लिहिलंत?"

"नाही."

इतकं सरळ उत्तर मिळेल अशी अपेक्षा नव्हती. इतक्या वर्षांत सरळ उत्तराची माझी सवय मोडली आहे.

"तिनं तीन वाक्यं सांगितली," ते म्हणाले. "तीन वाक्यांवर कुणी मूल थांबवत नाही. मी दोन पानं लिहिली. पट्ट्यानं मारणं, उपाशी ठेवणं, रात्री ओरडणं. तिला वाचून दाखवताना मात्र तिचीच तीन वाक्यं म्हटली." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "अकरा वर्षांपूर्वी इथंच एका मुलाचा जबाब मी केला. तो म्हणाला, 'बरं आहे.' मी लिहिलं, 'बरं आहे.' शब्दाला शब्द. त्याला परत पाठवलं. चार महिन्यांनी तिकडच्या दवाखान्यातून पत्र आलं. ते भाषांतरालाही माझ्याकडेच आलं. तेव्हापासून मला शब्दाला शब्द जमत नाही."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि ओरडलेही. "अहो, बापाच्या वकिलानं तिच्या शाळेचे आणि डॉक्टरांचे सगळे कागद लावलेत. पोरीच्या अंगावर एक ओरखडा नाही! तुमचा पट्टा तो दोन मिनिटांत खोटा पाडेल. मग तिनं जे खरं सांगितलं, ते तरी कोण मानणार?"

हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. भल्या माणसांचा मला म्हणूनच धसका वाटतो.

"आणि मग घाबरून तुम्ही कागद काढून घेतलात," मी म्हणाले.

"छे! मी कशाला काढीन? तो कागद साहेबांपर्यंत पोचावा म्हणूनच तर लिहिला. बाई, आज सकाळपासून मीच शोधतोय तो."

ते खरं बोलत होते. खोटं लिहिणारा माणूस खरं बोलताना किती दमलेला दिसतो, ते त्या कोपऱ्यात मला दिसलं. म्हणजे तिघांपैकी तिघांनीही कागद घेतला नव्हता.

५

संध्याकाळी कार्यालय रिकामं होत आलं तेव्हा मी बालकक्षाची किल्ली मागून घेतली. गोल टेबल, तीन मोठ्या खुर्च्या, एक बुटकी. मोठीत बसून काही सुचेना. म्हणून गुडघ्यांची समजूत घालत मी बुटक्या खुर्चीत बसले.

तिथून खोली वेगळीच दिसते. टेबलाची कड छातीशी येते आणि समोरच्या तिन्ही खुर्च्यांतली माणसं एकमेकांकडे बघत असणार, हे लगेच कळतं. हाताशी पुढच्या मुलासाठी ठेवलेली एक कोरी चित्रांची वही पडली होती. अशा वह्या नाना भांडारातल्या कागदांच्या करतात, वरच्या कडेला एक पिन मारून. जबाब देणाऱ्या प्रत्येक मुलाला एक मिळते, घरी न्यायला. मुलांच्या वस्तूंना हात लावायचा नाही, असा आमचा नियम आहे. मी चाळा म्हणून वहीतलं एक पान ओढलं. ते सुटून हातात आलं, आणि वरच्या कडेला दोन बारीक भोकं दिसली.

मी माझी टिपणवही उघडली. नाना म्हणाले होते, आम्ही तिघं. समुपदेशक म्हणाली, आम्ही तिघं. मीही तिसऱ्या पानावर ठसठशीत लिहिलं होतं, 'संशयित: तिघं.' खोलीत चार माणसं होती. चौथं माणूस दहा वर्षांचं होतं, म्हणून कुणी मोजलं नव्हतं. ज्या भिंतीवर मुलाचं ऐका असं छापलंय, तिच्याखाली बसून दिवसभर मी सगळ्या जगाला प्रश्न विचारले होते. तिला एकही विचारला नव्हता.

बाकीचं आपोआप जुळलं. पाकीट फाटलं, जबाब बाहेर निघाला. नवीन पाकीट येईपर्यंत तो नियमाप्रमाणे मुलीच्या हातात होता. तिघं मोठे नानांच्या बोटांकडे बघत होते. तेवढ्यात वहीतून दोन पानं सुटली, तशाच तीन घड्या झाल्या, आणि पाकिटात गेले ते कोरे कागद. जबाब वहीत बसून, आईचा हात धरून, आमच्या समोरून घरी गेला.

कसं, ते कळलं होतं. का, ते मात्र काही केल्या कळेना.

६

बुधवारी सकाळी मी मुलीच्या मावशीच्या घरी गेले. तीन जिने. मुंगी खिडकीखाली जमिनीवर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. आईची भाषा तिला घरापुरतीच येत होती. खा, झोप, दार लाव, रडू नको एवढी. मावशीला मी आतल्या खोलीत जायला सांगितलं आणि मुंगीसमोर जमिनीवर बसले. उठता येईल की नाही याची खात्री नव्हती.

"तुझ्याकडे कागद आहेत," मी म्हणाले.

तिनं मला नीट न्याहाळलं. "मी चोर?"

"नाही."

"कागद माझा."

"हो. तुझाच आहे."

याची तिला अपेक्षा नसावी. तिनं वही मांडीवर घेतली, उघडली नाही. मग तीन बोटं वर केली. "मी एवढं बोलले." दोन्ही हात पसरले. "त्यानं एवढं लिहिलं. वाचताना पान पलटलं नाही. एकच बाजू. मग दुसरीकडे काय?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागाचा होता. "मला वाटलं, लिहिलं की मी आई घेतली. किंवा बाबा घेतले. मी कुणी घेतलं नाही. मी नाही घेणार."

मी चौतीस वर्षं कागद बघतेय. ज्या लिपीतलं एक अक्षरही येत नाही, त्या लिपीतला खोटा जबाब या पोरीनं नुसत्या लांबीवरून ओळखला होता. मला तिचं फार कौतुक वाटलं, आणि आम्हा सगळ्यांची लाज वाटली.

"आज साहेबांशी स्वतः बोलशील? हे दुभाषे नसतील. दुसऱ्या बाई येतील."

तिनं वहीचा कोपरा दुमडला, उलगडला. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो सहा आठवड्यांत तिला कुणी विचारू दिला नव्हता. "मी बोलले, तर तसंच होणार?"

उत्तर देण्याचा अधिकार माझा नव्हता. मी तिला आणि तिच्या वहीला घेऊन निघाले.

७

साहेबांनी झगा काढून ठेवला आणि आपल्या दालनात तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. शेजारच्या न्यायालयातून आणलेल्या दुभाषी बाई तिच्या दुसऱ्या बाजूला. मी दाराशी राहावं असं मुंगीनंच सांगितलं. तिनं वहीतून जबाबाची दोन पानं काढून टेबलावर ठेवली आणि तोच प्रश्न साहेबांना विचारला.

"नाही," साहेब म्हणाले. "तू सांगशील ते मी मनापासून ऐकेन. पण ठरवणार मी. चुकलं तर चूक माझी. तुझी नाही."

दुभाषी बाईंनी ते सांगितलं तशी मुंगी खुर्चीत मागे रेलली. परवापासून जेमतेम बोललेली ती पोर मग चाळीस मिनिटं बोलली. शाळेबद्दल, बाबा शिकवतात त्या गाण्यांबद्दल, आईच्या रडण्याबद्दल. बाबांनी कधी हात उगारला नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. कुलुपाबद्दल सांगताना मात्र ती दुभाषी बाईंना थांबवून आईच्या भाषेत बोलली, कारण ते शब्द तिला येत होते. बाबा जातात. दार लाव. बाहेर कुलूप. आई आत, मी आत. रोज. सुट्टीत पूर्ण दिवस. पहिल्या जबाबातली तिची तीन वाक्यं हीच होती.

दुपारी न्यायालयात साहेबांनी मुलीचा नवा जबाब नोंदीवर घेतला. जुनी दोन पानं आणि माझा अहवालही घेतला. दुभाष्यांचं नाव त्या अहवालात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. लिहिताना बरं वाटलं नाही. पण तीन वाक्यं ज्याला पुरत नाहीत, त्याच्या हाती पुढचं मूल द्यायची माझी तयारी नव्हती.

बापाचा वकील पट्ट्याच्या आरोपावर तुटून पडायला उभा राहिला. साहेबांनी त्याला हातानंच खाली बसवलं. "मारहाण झाली नाही, असं मुलगी स्वतः सांगते. ते मी मान्य केलं आहे." मग ते बापाकडे वळले. "घराला बाहेरून कुलूप लावत होतात?"

वकील गडबडीनं उठला, पण बाप आधीच बोलायला लागला होता. त्याच्या चेहऱ्यावर जराही भीती नव्हती. "हो. लावायचो. सुरक्षित राहाव्यात म्हणून."

"किती दिवस?"

"पाच वर्षं. रोज."

"आतून उघडता यायचं?"

"नाही. किल्ली माझ्याकडे."

"आणि आग लागली असती तर? मुलगी आजारी पडली असती तर?"

बापानं वकिलाकडे पाहिलं. पाच वर्षांत हा विचार त्याच्या मनात आज प्रथमच येत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. वकील हळूच खाली बसला. गंभीर धोका याचा अर्थ काय, यावर त्यानं वीस निवाडे आणले होते. त्यातलं एकही पान त्यानं उघडलं नाही.

मुलीला परत पाठवायचं नाही, असा आदेश झाला. बापाला इथं येऊन, कक्षाच्या देखरेखीखाली, मुलीला भेटता येईल. आई रडत रडत बाहेर पडली आणि जिन्याकडे धावली, कारण मुंगी खाली मावशीजवळ होती.

मी कागद आवरून बाहेर आले तर बाप एकटाच बाकावर बसला होता. मला पाहून उठला.

"ती माझ्याबद्दल वाईट बोलली का?"

आत झालेलं बाहेर सांगायचं नसतं. पण मला कंटाळा आला होता, नियमांचा नाही, पण त्यांच्यामागे लपण्याचा.

"नाही," मी म्हणाले. "म्हणाली, बाबा खूप चांगले आहेत. सकाळी कुलूप लावायला विसरले, तर आणखी चांगले."

तो पुन्हा बाकावर बसला. वकिलानं दोनदा हाक मारली तरी त्याला ती ऐकू आली नाही.